येतो

आमच्या बोरगावात घराबाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणत नाही. सौंसरच्या बाजाराला निघालेला असो की नागपूरच्या दवाखान्यात, उंबऱ्याशी चपला घालताना तो 'येतो' म्हणतो. आतून 'या' असं उत्तर आलं की मगच पाऊल उचलतं. जन्मभर तोंडात असलेल्या या शब्दाचं वजन मला कळलं ते बस्तरमधून परागंदा झालेल्या माणसांविषयी वाचताना.

१ नोव्हेंबर १९५६ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. हद्द बदलली, पण गावातली एकही चूल जागची हलली नाही. २००० साली याच मध्य प्रदेशातून बस्तर छत्तीसगडात गेलं. तरी ते मला परकं वाटत नाही. तिथली गोंडी छिंदवाड्यातही बोलली जाते आणि आम्ही ज्या नागपूरला आपलं म्हणतो, ते वसवणारा बख्त बुलंद शाह छिंदवाड्यातल्याच देवगडचा गोंड राजा होता.

त्या बस्तरमध्ये जून २००५मध्ये माओवाद्यांविरुद्ध 'सलवा जुडूम' ही सरकारच्या पाठबळावरची मोहीम उभी राहिली. गावं जळू लागली. एका बाजूला जुडूम, दुसऱ्या बाजूला माओवादी. हजारो माणसं रस्त्याकडेच्या छावण्यांत आणली गेली, तर हजारो जंगलवाटांनी तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम, वरंगळकडे निघून गेली. एकाच गावातला एकजण छावणीत, दुसरा हातात बंदूक घेऊन विशेष पोलीस, तिसरा सीमेपलीकडे. रात्री पळणाऱ्यानं 'येतो' म्हणायचं कुणाला? ज्याला म्हणायचं, त्याचीच भीती होती.

पलीकडे त्यांना 'गुत्ती कोया' हे नाव मिळालं, पण अनुसूचित जमातीचा दाखला मिळाला नाही. जंगल तोडून वसवलेल्या झोपड्या वनखात्यानं पुन्हा पुन्हा मोडल्या. जिथे होते तिथे राहता येईना आणि जिथून आले तिथे जाता येईना.

५ जुलै २०११ला सर्वोच्च न्यायालयानं आदिवासी तरुणांना विशेष पोलीस म्हणून शस्त्रं देणं घटनाबाह्य ठरवलं. वनहक्क कायद्यात तर बेकायदा हुसकावलेल्यांना पुनर्वसनाचा हक्कही आहे, पण तो १३ डिसेंबर २००५पूर्वी विस्थापित झालेल्यांना. जुडूम त्याच वर्षी जूनमध्ये सुरू झाली. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत पळालेला त्या रेषेच्या आत येतो आणि २००६मध्ये पळालेला बाहेर राहतो. आगीनं मात्र दोघांची घरं सारखीच जाळली.

कायदा असा अपुरा पडतो, म्हणूनच मला बस्तरमधलं नेंद्रा हे गाव फार मोलाचं वाटतं. २००८मध्ये गांधीवादी कार्यकर्ते हिमांशु कुमार आणि वनवासी चेतना आश्रमातले त्यांचे सहकारी तिथल्या विस्थापित झालेल्या लोकांबरोबर गावात परतले. नुसतं पोचवून ते माघारी फिरले नाहीत, तिथेच मुक्काम ठोकून राहिले. हल्ला झालाच तर आधी आमच्यावर होऊ द्या, या अर्थानं त्यांनी स्वतःला 'मानवी ढाल' म्हटलं. पुढच्याच वर्षी त्यांचा दंतेवाड्याजवळचा आश्रम प्रशासनानं पाडला. तरी मला वाटतं, माणसाला घरी आणणं म्हणजे काय, हे त्या मुक्कामानं दाखवून दिलं.

कारण घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. बस्तरच्या घरात मोहाची झाडं येतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे फुलं वेचताना कुठलं झाड कुणाचं, हे गावाला तोंडपाठ असतं. पूर्वजांच्या नावानं उभे केलेले दगड येतात, गावदेव येतो. घरकुलाची रक्कम हाती आली म्हणून शेजाऱ्याविषयीचा धसका जात नाही. आमच्याकडेही नवी संत्र्याची बाग लावली की बहार धरायला चार-पाच वर्षं थांबावं लागतं. मोडलेला विश्वास त्याहून सावकाश धरतो, आणि तोवर कुणीतरी शेजारी बसून राहावं लागतं.

संध्याकाळी ओट्यावर बसलो की रस्त्यानं परतणारी माणसं दिसतात. घराघरांतून 'आले का?' असं कुणीतरी विचारतं. सीमेपलीकडच्या त्या माणसांसाठी कागद हवेत, जमीन हवी, कायद्यातली ती तारीखही बदलायला हवी. पण रात्री पळताना जो शब्द त्यांच्या तोंडात अडकला, तो पुरा व्हायला एक माणूस लागतो. दाराशी उभा राहून 'या' म्हणणारा.