स्वतःची किर्द

माझे वडील तालुक्याच्या गावी एका अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्यासमोरच्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या किर्दीला छापील रेघा नसत. कागद दुमडून पाडलेल्या सळांच्या आधाराने जमा एकीकडे आणि नावे दुसरीकडे उतरत जाई. त्यांचे नियम दोनच होते. आजचा व्यवहार आजच लिहायचा आणि लिहिलेलं खाडाखोड करून झाकायचं नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी दुरुस्ती लिहायची. रात्री रोख शिल्लक जुळली की त्यांचा चेहरा निवांत होई. त्यासाठी मालकांच्या शाबासकीची त्यांनी कधी वाट पाहिली नाही. हिशेब जुळला आहे हे त्यांना स्वतःला माहीत असे, आणि तेवढ्यावर ते ताठ मानेने घरी येत.

माझ्या शाळेतल्या वह्यांचं तसं नव्हतं. त्या बाईंसाठी लिहिलेल्या असत. लाल शाईत शेरा आला की दिवस चांगला जाई, नाही आला की वाईट. बारावीनंतर लग्न झालं आणि वही उरली ती वाण्याच्या यादीची, दुधाच्या रतिबाची, गॅसच्या नंबराची. त्यात घरातल्या सगळ्यांच्या गरजा होत्या, माझं असं काही नव्हतं. हळदीकुंकवाला कुणी शिक्षण विचारलं की ‘बारावी’ म्हणताना माझा आवाज खाली जाई.

मुलगी शाळेत जाऊ लागली आणि मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घातलं. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद माझ्यासारख्या कितीतरी बायकांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलं आहे. रविवारी अभ्यासकेंद्रावर तास होत. मधल्या सहा दिवसांत मात्र विचारणारं कुणी नव्हतं. तेव्हा मी एक साधी शंभर पानी वही घेतली आणि वडिलांच्या पद्धतीने मांडली. जमेला आज वाचून समजलेलं. नावे बाजूला वेळ कुठे गेला ते, कारणासकट: पाहुणे, कंटाळा, भीती. पदवी हाती आली आणि पुढे पतसंस्थेत नोकरी लागली, तरी ती वही सुटली नाही.

तिचा खरा कस लागला तो ऑनलाइन अभ्यासात. दिवसभर राबून रात्री शिकणं आपल्याकडे नवं नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्येच कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. पण तिथे समोर शिक्षक असत, शेजारी सोबती असत. एखादा आला नाही तर ते दिसत असे. ऑनलाइन कोर्सचं तसं नाही. त्यासाठी केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं, आयआयटींचं ‘एनपीटेल’ त्याच्याही आधीपासून होतं. वयाची अट नाही, शिकायला पैसे नाहीत, फक्त परीक्षेला शुल्क. मी लेखांकनाचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला. दर आठवड्याला स्वाध्याय आणि तो भरायची शेवटची तारीख. बारापैकी उत्तम आठ स्वाध्यायांचे पंचवीस गुण, केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे पंचाहत्तर. व्याख्यानं इंग्रजीत. हवं तेव्हा पाहता येतात ही मोठी सोय आहे, आणि ‘उद्या पाहू’ म्हणण्याचा मोहही तिथेच आहे. तुम्ही आला नाहीत हे तिथे कुणाच्या लक्षात येत नाही.

व्हिडिओ पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं. सर उदाहरण सोडवतात, आपण मान डोलावतो. म्हणून मी एक रीत ठेवली. व्हिडिओ बंद करायचा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि आठवेल ते वहीत लिहायचं. सुरुवातीला पान अर्ध्यावर थांबे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला प्रयोग मी नंतर वाचला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवडाभराने पुढे होते ते आठवून लिहून काढणारे. आठवताना होणारा त्रास हाच शिकण्याचा भाग आहे हे त्यातून कळलं आणि अर्ध्या पानाची भीती गेली.

वहीत मनही उतरू लागलं. ऑफिसात वयाने लहान मुलं संगणकावर भराभर काम उरकतात तेव्हा पोटात गोळा येतो, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, वहीला सांगितलं. जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक अनुभवांविषयी लिहायला लावलं. लिहिल्यावर लगेच त्यांना अधिक उदास वाटलं, पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. म्हणजे वही लगेच हलकं करत नाही. ती आधी समोर बसवते.

आत्मसन्मान वाढवण्यासाठी आरशासमोर उभं राहून ‘मी श्रेष्ठ आहे’ म्हणा, असं सांगणारे खूप आहेत. मला त्याने कधी बळ मिळालं नाही, कारण मनाला पुरावा लागतो. आल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की ‘मला हे जमेल’ या विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः प्रत्यक्ष पार पाडलेलं काम. इतरांचं कौतुक त्याच्या मागे येतं. पण थकलेलं मन पार पाडलेलं काम विसरतं आणि राहिलेलं तेवढं लक्षात ठेवतं. तिथे तारखेनिशी लिहिलेलं पान उपयोगी पडतं. ते माझी खुशामत करत नाही, मला हिणवतही नाही. आदल्या महिन्यात न कळलेला ताळेबंद या महिन्यात मी सोडवला आहे, हे माझ्याच अक्षरात माझ्यासमोर ठेवतं. शिस्त म्हणजे स्वतःला शिक्षा नव्हे. स्वतःला दिलेला शब्द दुसऱ्याला दिलेल्या शब्दाइतकाच मोलाचा मानणं, ही शिस्त. तो शब्द पुन्हा पुन्हा पाळला की माणूस स्वतःच्या नजरेत उभा राहतो. आज कुणी शिक्षण विचारलं तर माझा आवाज खाली जात नाही.

तुमच्या मोबाइलमध्ये एखादा कोर्स अर्धवट पडून असेल. महागडी डायरी आणू नका, एक तारखेची वाट पाहू नका. घरातली कोणतीही वही उघडा, आजची तारीख घाला, एकच व्हिडिओ पाहा आणि त्यातलं आठवेल तेवढं लिहा. काही राहिलं असेल तर तेही खरं लिहा. ते पान कुणाला दाखवायचं नाही. ते तुमचं तुम्हाला दिसलं म्हणजे पुरे.