आरमोरीचा कोसा-पतंग

नागपुराहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करीत वैनगंगा ओलांडली की आरमोरी लागते. धानाच्या बांध्यांपलीकडे जंगल सुरू होते व त्यात ऐनाची झाडे दिसू लागतात. इकडे त्यांना येन म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडाशी या भागात दिव्यावर तळहाताएवढा पतंग येऊन आदळला, तर केरसुणी उचलू नये. तो टसर रेशमाचा, आपल्या बोलीत कोशाचा, पतंग असतो.

नर विटकरी, मादी त्याहून मोठी व बहुधा पिवळसर. चारही पंखांवर एकेक वाटोळा डोळा आणि त्याच्या मध्ये भिंग बसवावे तसा पारदर्शक ठिपका. कंदिलापुढे धरला तर त्यातून उजेड आरपार दिसतो! नराच्या मिशा पिसांसारख्या रुंद असतात. त्यांनी तो अंधारात दूरवरच्या मादीचा गंध टिपतो. एवढा देह, पण खाण्याजोगे तोंड नाही. आठवडाभराचे आयुष्य अळीपणी खाल्लेल्या पाल्यावरच निभते.

मादी सुमारे २०० अंडी घालते. ८-९ दिवसांत अळ्या निघाल्या की येथील ढिवर कुटुंबे त्या ऐनावर सोडतात. तुतीचा रेशीमकिडा घरात वाढतो, हा उघड्या रानात. महिना-दीड महिना मुंग्या, गांधीलमाशा व पाखरे यांच्यापासून झाडे राखावी लागतात. पाला संपला की अळ्यांसह डहाळी कापून दुसऱ्या झाडावर ठेवायची. धानाची राखण यापुढे सोपीच म्हणायची.

कोष टणक, दांडीने फांदीला लटकलेला. पतंग बाहेर पडला की कोषाला भोक पडते व सलग धागा निघत नाही. म्हणून विक्रीच्या कोषातला किडा आतच मारतात. म्हणजे विकलेला कोष उडत नाही आणि बियाण्याला ठेवलेल्याला धाग्याचा भाव नाही. नडीला सगळेच विकावेसे वाटते. पण मग पुढच्या हंगामाची अंडी कोठून आणणार?

आणलेली अंडीही तपासलेलीच हवीत. पेब्रिन हा रोग आईकडून अंड्यात उतरतो. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८६५ ते १८७० या काळात तुतीच्या किड्यांवर काम करून उपाय घालून दिला: अंडी घातलेली मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, रोगबीज दिसले तर तिची अंडी नष्ट करायची. टसरलाही हीच रीत लागते.

बियाण्याचे कोष माळा करून सावलीत, हवेशीर जागी टांगतात आणि उन्हाळाभर उंदरांपासून जपतात. पावसाची ओल आली की संध्याकाळी एकेक पतंग कोष मऊ करून बाहेर येतो व पंख वाळेपर्यंत माळेलाच लटकून राहतो.