डब्यातलं ‘तोंडी लावणं’

वजन कमी करायचं ठरवलं की बहुतेक पेशंट मला पहिला प्रश्न हाच विचारतात, “डॉक्टरसाहेब, डब्यात काय नेऊ?” विचारणाऱ्यांत रोज नांदेडहून लोहा-कंधारला अप-डाऊन करणारे शिक्षक असतात, बँकेतल्या ताई असतात, मोंढ्यात आडतीवर हिशेब लिहिणारे असतात, एसटीचे चालक-वाहक असतात. प्रश्नामागे एक समजूत असते. वजन उतरवणारा डबा म्हणजे काहीतरी वेगळं, शहरातलं आणि महागाचं असणार. ओट्स, ऑलिव्ह तेल, नाहीतर डब्यात मिळणारी कुठली तरी पावडर. महिन्याला बारा हजार पगार असलेल्या एका ताईंनी त्यातले तीन हजार अशा पावडरीवर घातलेले मी पाहिले आहेत. घरी दोन मुलं होती आणि मुलांचं दूध त्यांनी अर्ध्यावर आणलं होतं.

म्हणून हा लेख. तुमच्या डब्यासाठी लागणारं सगळं तुमच्याच स्वयंपाकघरात आहे. बदलायचं आहे ते फक्त त्याचं प्रमाण.

एका शब्दात दडलेली सवय

आपल्याकडे भाजीला, चटणीला ‘तोंडी लावणं’ म्हणतात. “आज तोंडी लावायला काय केलंय?” असं आपण सहज विचारतो. शब्दातच सगळं आलं. जेवण म्हणजे भाकरी किंवा पोळी, आणि भाजी-डाळ ती घशाखाली उतरवण्यापुरती.

माझं गाव लातूर जिल्ह्यात. आमच्या घरून शेतात जाणाऱ्या भाकरीच्या फडक्यात तीन भाकरी, ठेचा, कांदा आणि कधी घट्ट पिठलं असायचं. ते खाणारा माणूस पहाटेपासून औतामागे चालायचा, दुपारी खुरपायचा, संध्याकाळी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन यायचा. त्याच्या अंगाला त्या तीन भाकरी पुरत नव्हत्या. आज त्याचा मुलगा मोटारसायकलवर ऑफिसला जातो आणि आठ तास खुर्चीत बसतो. मीही दवाखान्यात खुर्चीतच बसतो. काम बदललं, पण डब्याचं गणित शेतातलंच राहिलं. फरक एवढाच की ज्वारीच्या जागी बऱ्याच घरांत गहू आला, कारण रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो आणि चांगली शाळू ज्वारी महाग झाली.

डब्याचा हिशेब करून बघू

नेहमीचा डबा घ्या. चार पोळ्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. एका मध्यम पोळीला ३५ ते ४० ग्रॅम कणीक लागते. वरच्या तेलासह ती दीडशे कॅलरीपर्यंत जाते. म्हणजे चार पोळ्यांच्या सहाशे. भाजीत तीन चमचे तेल असेल तर बटाट्यासह दोनशे. चटणीच्या पाऊणशे. एकूण पावणेनऊशे ते नऊशे.

आता याच घरातून दुसरा डबा. दोन पोळ्या, मोठी वाटीभर मटकीची उसळ (५० ग्रॅम कोरडी मटकी, एक चमचा तेल), वाटीभर दोडकं, दुधी, कोबी किंवा गवारीची भाजी (एक चमचा तेल), आणि एक काकडी-कांदा. हा डबा सव्वासहाशेच्या आत बसतो. प्रथिनं पहिल्या डब्यापेक्षा कमी तर नाहीतच, थोडी जास्तच आहेत. आणि हा डबा दिसायला मोठा आहे. पोट भरतं ते अन्नाच्या आकारानं, चोथ्यानं आणि प्रथिनांनी, म्हणून तीन वाजता पुन्हा भूक लागत नाही.

दिवसाला साधारण पावणेतीनशे कॅलरी वाचल्या. कामाचे २५ दिवस धरले तर कागदावर महिन्याला पाऊण ते एक किलो होतं. प्रत्यक्षात शरीर थोडं सावध होतं, त्यामुळे अर्धा किलो धरा. सहा महिन्यांत तीन किलो. उपाशी न राहता आणि एक रुपयाची पावडर न घेता.

खर्चाचं म्हणाल तर मटकीचा भाव किलोला १२० रुपये धरला तरी ५० ग्रॅम मटकी सहा रुपयांची झाली. टपरीवरच्या एका चहाला त्याहून जास्त लागतात.

भाकरी की पोळी?

हा प्रश्न रोज येतो. भाकरी खाल्ली की वजन आपोआप उतरतं, असं नाही. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात आणि शंभर ग्रॅम कणकेत कॅलरी जवळपास सारख्याच असतात. आपल्याकडच्या एका मोठ्या भाकरीला ८० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांच्या बरोबरीची. “मी तर दोनच भाकरी खातो की हो,” असं सांगणारे सर खरं तर चार पोळ्या खात असतात.

तरीही भाकरीचे दोन फायदे आहेत. तिला तेल लागत नाही आणि ती चावून, सावकाश खावी लागते. अडचणही आहे. दुपारपर्यंत ती कडक होते. गरम पाण्यात पीठ मळलं आणि भाकरी सुती फडक्यात गुंडाळून ठेवली तर ती बऱ्यापैकी मऊ राहते. दुसरी अडचण कुणी बोलून दाखवत नाही. ऑफिसात चारचौघांत भाकरी काढायला काहींना संकोच वाटतो. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं केलं. तेव्हा भाकरी खुशाल टेबलावर ठेवा.

आपल्याच शिवारातली प्रथिनं

लातूरची तूरडाळ नावाजलेली आहे. लातूर-नांदेडच्या शिवारात पावसाळ्यात नजर जाईल तिथं सोयाबीन असतं. तरी डब्यात डाळ येते ती पातळ वरणाच्या रूपात आणि सोयाबीन येतं ते फक्त तेलाच्या रूपात. सोयाबीनच्या दाण्यात प्रथिनं ३५ टक्क्यांच्या पुढे आहेत, तेल त्याच्या निम्म्याच्या आसपास. आपण प्रथिनं सोडतो आणि तेल खातो. सोयावडीची भाजी आठवड्यातून एकदा डब्यात जरूर असू द्या. दाणे वापरायचे तर रात्रभर भिजवून, कुकरमध्ये नीट शिजवूनच. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले पचत नाहीत.

चांगल्या जेवणाचा नमुना हवा असेल तर आपली येळवस आठवा. त्या दिवशी शेतात काय खातो आपण? तूर, हरभरा, वाटाण्याचे हिरवे दाणे आणि पालेभाज्या घालून केलेली भज्जी, सोबत आंबिल आणि ज्वारी-बाजरीचे उंडे. ताटात सर्वांत जास्त असते ती भज्जी. वर्षातून एक दिवस आपण प्रमाण अगदी बरोबर ठेवतो. तेच उरलेले दिवस डब्यात आणायचं आहे.

आठवड्याचा डबा

रोज एक भाकरी किंवा दोन पोळ्या, यापैकी एकच. त्यासोबत:

सोमवार: मटकीची उसळ, दोडक्याची भाजी, काकडी.
मंगळवार: पालक किंवा मेथी घालून घट्ट तूरडाळ, कोबीची भाजी, गाजर.
बुधवार: दोन उकडलेली अंडी, किंवा सोयावडीची भाजी, सोबत टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर.
गुरुवार: चवळी किंवा हरभऱ्याची उसळ, दुधीची भाजी.
शुक्रवार: कांद्याची पात घालून पिठलं, अंबाडी किंवा चुक्याची भाजी, मुळा.
शनिवार: ज्वारी-बेसनाचं मेथी घातलेलं एक मोठं धपाटं, वाटीभर दही, काकडी. या दिवशी वेगळी भाकरी-पोळी नको.

डब्याचे तीन कप्पे असतील तर दोन भाजी-उसळीचे आणि एक भाकरी-पोळीचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. खाताना सुरुवात भाजी-उसळीपासून करा, भाकरी नंतर. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी वाईट नाही, पण एक लहान चमचा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च आणि त्यावर तेल. त्याऐवजी वाटीभर भगर, काकडीची कोशिंबीर, ताक आणि मूठभर शेंगदाणे न्या.

आपल्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. तेव्हा डबा भरताना अन्न निवू द्या, मग झाकण लावा. ओलं खोबरं घालू नका. मोड आलेली कडधान्यं शिजवूनच न्या. ताक वेगळ्या बाटलीत न्या आणि वास बदलला असेल तर फेकून द्या.

डब्याबाहेरचा डबा

अनेकांचा डबा चांगला असतो, तरी वजन हलत नाही. त्यांना मी दिवसभराच्या चहाबद्दल विचारतो. पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. एकदम साखर सोडायची गरज नाही. दोन चहा ठेवा, एकेक चमच्याचे.

दुसरी वेळ संध्याकाळची. पाचला सुटून बस पकडायची, घरी पोचेपर्यंत साडेसात. पोटात काही नाही. मग हात फरसाणाच्या डब्यात जातो आणि जेवण होईपर्यंत तिथंच राहतो. यासाठी बॅगेत एक छोटा, दुसरा डबा ठेवा. मूठभर फुटाणे आणि एक पेरू किंवा मूठभर बोरं. पाच वाजता खा. रात्रीचं जेवण आपोआप आटोक्यात येतं.

तिसरी गोष्ट तेलाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या आहाराला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे. चार माणसांच्या घराला महिन्याचं साडेतीन लिटर झालं. तेलाचा कॅन फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. तो किती दिवसांत संपतो ते पाहिलं की मला काही सांगावं लागत नाही.

डबा भरतं कोण?

हे लिहिल्याशिवाय लेख पूर्ण होणार नाही. डब्याचा सल्ला ऐकायला नवरा येतो आणि राबते ती बायको. पहाटे पाचला उठून ती तीन डबे भरते आणि स्वतः नोकरीवर जाताना बिस्किटाचा पुडा घेऊन निघते. दुपारी उरलेल्या दोन पोळ्या चहात बुडवून खाते. हिमोग्लोबिन नऊ आणि वजन मात्र पंच्याहत्तर, असं एकाच अंगात सापडतं ते यामुळे. कॅलरी भरपूर, पण लोह आणि प्रथिनं नाहीत.

तेव्हा साहेब, रात्री मटकी तुम्ही भिजवा. काकडी तुम्ही चिरा. आणि घरात जेवढी माणसं बाहेर पडतात तेवढे डबे भरले जातात का, ते मोजा. ताई, पहिला डबा स्वतःचा भरा. मुलं उपाशी राहणार नाहीत, याची काळजी तुम्ही तशीही घेताच.

किती उतरलं म्हणजे पुरे?

आपल्या लोकांसाठी बीएमआय २३ च्या वर म्हणजे जादा वजन आणि २५ च्या वर म्हणजे लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी. पण एकदम तिथं पोचायचं नाही. ८० किलोच्या माणसाचे चार ते आठ किलो उतरले तरी साखर, बीपी आणि गुडघे यांत फरक दिसतो.

काटा हलला नाही म्हणून डबा सोडू नका. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा एक अभ्यास २००६ साली चेन्नईहून प्रसिद्ध झाला. आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, आणि तेही वजन फारसं न उतरता.

काही जणांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर पोळ्या निम्म्या केल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते. औषधाचा डोस बदलावा लागतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळ-उसळ किती खायची ते ठरवून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिलांनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. आणि काहीही न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका, तपासणी करा.

आज रात्री दोन कामं करा. एका वाटीत मटकी भिजत घाला आणि शिवणाची टेप घेऊन बेंबीच्या रेषेत कंबर मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी त्याच टेपनं पुन्हा मोजा आणि तो आकडा घेऊन तपासायला या.