कुणीतरी हाक मारावी म्हणून

वेल्श भाषेत एक ध्वनी आहे. जीभ ‘ल’ म्हणायच्या तयारीने वरच्या दातांमागे टेकवायची, आवाज मात्र लावायचा नाही. नुसता श्वास जिभेच्या कडेने सोडायचा. ओल्या पानांच्या दाटीतून वारा सरकावा तसे काहीतरी ऐकू येते. देवनागरीत त्याला अक्षर नाही. लवेलिन, ल्लेइ, ग्वेनलियन ही नावे मी इथे लिहिते खरी, पण त्यांच्यातला तो श्वास कागदाबाहेरच राहतो. परक्या तोंडी टिळकांचे ‘टिलक’ आणि काळ्यांचे ‘काले’ होताना ऐकत आलेल्या आपल्याला त्याची चुटपुट वेगळी समजावून सांगायला नको.

‘माबिनोगियन’मधल्या जुन्या वेल्श कथा मी इंग्रजीतून वाचल्या. कोण कोणाशी का लढले ते कधीच पुसून गेले. नावे तेवढी राहिली. रात्री दिवा मालवल्यावर ती हलकेच म्हणून पाहावीत. आरियनर्‍होद, चांदीचे चाक. ऑल्वेन, जिच्या प्रत्येक पावलामागे चार पांढरी तिपानी फुले उमलत. आणि ब्रानवेन, शुभ्र डोमकावळी. आयर्लंडच्या राजाला दिलेली ही मुलगी सासरी स्वयंपाकघरात राबायला घातली गेली, खाटिक रोज येऊन तिच्या कानशिलात मारी, आणि ती काय करते, तर कणीक मळायच्या काठवटीच्या कडेवर साळुंकीच्या जातीचे एक पाखरू वाढवते, त्याला बोलायला शिकवते, आपला भाऊ कसा दिसतो ते त्याला सांगते आणि एके दिवशी त्याच्या पंखाच्या मुळाशी चिठ्ठी बांधून त्याला समुद्रापार सोडते. पिठाने माखलेली बोटे, त्यांत धडधडणारे ते एवढेसे ऊन ऊन अंग. ब्रानवेन म्हटले की मला तेच दिसते.

नावाचा अर्थ शब्दकोशात सापडतो. वजन सापडत नाही.

या कथांमध्ये नाव सहजासहजी मिळतही नाही. आरियनर्‍होद आपल्या मुलाला नाव द्यायचे नाकारते. मी ठेवीन तेव्हाच त्याला नाव मिळेल, असा शापच घालते. मग मामा ग्विदियन समुद्रशेवाळातून मायेचे जहाज उभे करतो आणि दोघे मोची बनून तिच्या गडाखाली येतात. ती जोड्याचे माप द्यायला जहाजावर चढते. तेवढ्यात एक चिमुकला पक्षी फळीवर उतरतो, मुलगा नेम धरून त्याच्या पायाच्या शिरेवर अचूक मारतो, आणि आई हसून बोलून जाते, काय हात आहे या गोऱ्या पोराचा! झाले. नकळत सुटलेले ते कौतुकच त्याचे नाव ठरते, ल्लेइ. इतका राग मनात धरलेल्या बाईच्या तोंडूनही लेकराकडे बघताना शेवटी कौतुकच निसटावे, हे मला शापापेक्षा खरे वाटते.

त्याच मुलासाठी पुढे ओक, ब्रूम आणि मेडोस्वीटच्या फुलांतून बायको घडवली जाते. ब्लोदाइवेद. देहही नवऱ्यासाठी, नावही नवऱ्यासाठी. ताटातल्या तांदळांत बोटाने लिहिलेले नवे नाव घेऊन उंबरठा ओलांडलेल्या आपल्याकडच्या कितीतरी जणींना ती लगेच ओळखू येईल. ती दुसऱ्याच्या प्रेमात पडते, तिचे घुबड होते. मला तिचा राग येत नाही.

जुन्या वेल्श माणसाला आडनाव नसे. आपल्यासारखेच बापाचे नाव मागे यायचे, ‘अप’ म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि मग आजा, पणजा अशी कितीही लांब साखळी. 1536 च्या कायद्याने वेल्सच्या कचेऱ्यांत इंग्रजी आली आणि हळूहळू ती साखळी तुटत गेली. ‘अप हॉवेल’चे पॉवेल झाले, ‘अप ऱ्हीस’चे प्राइस. सोयीचे झाले, एवढेच.

मुलींच्या जुन्या नावांत आंग्हारद आहे, पुष्कळ प्रेम लाभलेली. त्याच काळात टांग्विस्लही आहे, शांततेसाठी ओलीस ठेवलेली. पाळण्यातल्या मुलीच्या कानात असले नाव सांगताना त्या आईला काय वाटले असेल?

ग्वेनलियनचे नाव टांग्विस्ल नव्हते, नशीब मात्र तेच निघाले. ती 1282 च्या जूनमध्ये जन्मली आणि तिची आई एलिनॉर बाळंतपणातच गेली. डिसेंबरात वडील, वेल्सचे राजपुत्र लवेलिन अप ग्रिफिद, किल्मेरीजवळ मारले गेले. आणि पुढच्या वर्षी राजा पहिल्या एडवर्डने ते तान्हे पोर डोंगरांपासून दूर, लिंकनशरच्या सपाट, दलदलीच्या मुलखात सेम्प्रिंगमच्या मठात नेऊन ठेवले, या घराण्याला पुढे वारस राहू नये म्हणून. 1337 मध्ये ती तिथेच वारली. चोपन्न वर्षे. त्या मठाच्या भिंतींआड तिच्या नावातला तो श्वास कुणाला जमला असेल, असे मला वाटत नाही. इंग्रज कारकुनांनी ते नाव कानाला लागेल तसे वेडेवाकडे लिहून ठेवले आहे. आपले नाव नीट कसे उच्चारतात, हे तिने तरी कधी ऐकले असेल का? भाषा शिकण्याआधीच तिला उचलून नेले होते.

तरीही नाव उरले. वेल्समध्ये आजही मुलींचे नाव ग्वेनलियन ठेवतात. तिथल्या उत्तरेकडच्या कार्नेदाय रांगेत लवेलिनच्या नावाचे शिखर पूर्वीपासून होतेच. त्याच्या जवळचे 926 मीटर उंचीचे शिखर नुसते ‘वरची दगडरास’ म्हणून ओळखले जाई. 2009 मध्ये त्याचे नाव बदलून कार्नेद ग्वेनलियन करण्यात आले, आणि नकाशांत आता ते तसेच छापतात.