सहीपूर्वीचा प्रश्न

वाचकहो, घर मुलाच्या नावे करण्यापूर्वी माझी एक चूक ऐका. सिडकोतील एका आजींना बक्षीसपत्रासाठी मानसिक सक्षमतेचा दाखला मी दिला. कागदात काय लिहिले आहे, हे मात्र विचारले नाही. वर्षभराने कळले, त्या रक्तदाबाची गोळी अर्धी मोडून घेत होत्या. औषधाला पैसे मागणे जड जाई.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडे अर्ज करून परत मागता येते. आजींच्या बक्षीसपत्रात ती अटच नव्हती. वकील मुलाने आणला होता. निर्वाहखर्चासाठी त्या आजही उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जाऊ शकतात. पण पोटच्या मुलाविरुद्ध त्यांचे मन धजत नाही.

आता दाखल्यापूर्वी मी विचारतो : वकील तुमचा की मुलाचा?