साखळी

डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं की लोक भात सोडतात. वारणाकाठच्या माणसाला ते जमणारं नाही. म्हणून अस्मादिकांनी सायकल घ्यायची ठरवली. ही गोष्ट 2021 च्या सुरुवातीची. कोल्हापुरात एका दुकानात गिअरची सायकल पसंत केली, आगाऊ रक्कम मोजली आणि विचारलं, "कधी मिळेल?"

"मागचा गिअर आला की लगेच."

"कुठून यायचाय? लुधियानाहून?"

"मलेशियाहून."

कंपनी जपानी, कारखाना मलेशियात आणि गिऱ्हाईक वारणानगरात! करोनामुळे साऱ्या जगाला एकदम सायकल आठवलेली. त्यात जूनमध्ये मलेशियात टाळेबंदी. मी दर शनिवारी दुकानदाराला फोन करी. बँकेतल्या थकबाकीदारांना फोन करायचा सराव होताच, उत्तरही तेच मिळे, "पुढच्या आठवड्यात नक्की, साहेब."

याला म्हणे पुरवठा साखळी म्हणतात. आता साखळी आमच्या गावाला नवी नाही. तोडलेला ऊस लगेच गाळला नाही तर साखरेचा उतारा घटतो, हे इथं पोरंसोरंही जाणतात. पण ही साखळी शिवारापासून कारखान्यापर्यंतची. एखादी कडी अडली तर तिला तोंडावर चार शब्द सुनावता येतात. मलेशियातल्या कडीला काय सुनावणार, आणि कुठल्या भाषेत?

शेवटी अण्णा वैतागले. "अरे, सायकल चालवायचीय की आयात करायचीय? माझी काढ की माळ्यावरची!"

अण्णांची सायकल म्हणजे 'हिंद', मुंबईत वरळीला बनलेली. तिच्या दांडीवर बसून मी बालवाडी केली. हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्या 1980 साली खास कायदा करून सरकारने ताब्यात घेतल्या. पुढे दोन्ही कारखाने बंद पडले. रॅलेच्या माहेरी, इंग्लंडात नॉटिंगहॅमला, कंपनीचा कारखाना 2002 साली मिटला. अॅटलासच्या साहिबाबादच्या कामगारांनी तर काम थांबल्याची नोटीस फाटकावर वाचली ती 3 जून 2020 ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी. आम्ही बँकवाले नोटिसा काढण्यात मुरलेले. पण असा मुहूर्त आम्हालाही साधला नसता.

आमच्या वाणिज्य शास्त्राप्रमाणे अण्णांच्या सायकलीचा घसारा कधीच पुरा झालेला, पुस्तकी किंमत शून्य. ते पुस्तक कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने वाचलेलं नसावं. त्याने चेन, टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर असा लुधियानाचा माल काढला आणि एका दुपारीत सगळं बसवलं. "काळ्या सायकलीला कुठलंबी बसतंय, साहेब," म्हणाला. माझं मूळ गाव तर बंद पडलं, पण सुटे भाग मिळतात, एवढं भाग्य माणसालाही नसतं.

संध्याकाळी अण्णांनी घंटी वाजवून पाहिली, सीट दाबून पाहिली आणि मी "अहो अण्णा, गुडघे!" म्हणेपर्यंत टांग टाकून फाटकापर्यंत जाऊनही आले. उतरल्यावर म्हणाले, "ब्रेक जरा सैल आहे." मग बराच वेळ हँडल सोडलं नाही.

तेवढ्यात दुकानदाराचा फोन. "साहेब, गिअर आला! आता फक्त सीट यायचीय, तैवानहून."

मी आगाऊ रक्कम परत मागितली.

"पुढच्या आठवड्यात नक्की, साहेब."