गोडी कोणाच्या वाट्याची?

देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्या इंग्रज सैनिकांमुळे 'डूलाली' हा शब्द रूढ झाला. अर्थ, डोके फिरलेला. पुण्यात २००९ साली एका बिअरनिर्मात्याने तेच नाव धारण केले आणि नाना चवींच्या बिअरची आवड तिकडे रुजू लागली.

पुण्यास नोकरी करणाऱ्या एका तरुणाने सातपूरच्या आपल्या घरी जेवणानंतर काळाभोर 'मिल्क स्टाउट' माझ्यापुढे ठेवला. "फादर, हे मिष्टान्नच समजा." मी दोन घोट घेतले. आधी कॉफीसारखा कडवटपणा, मग चॉकलेटचा भास, शेवटी दुधाळ गोडी. कडवटपणा काळपट होईपर्यंत भाजलेल्या बार्लीचा. गोडी दुधातल्या साखरेची. यीस्टला ती साखर पचत नाही, म्हणून ती मागे उरते. इंग्लंडात १९०७ पासून मॅकेसनचा असा स्टाउट पौष्टिक म्हणून खपत असे.

चव उत्तम आहे, हे मी त्याला सांगितले. परंतु पगाराच्या संध्याकाळी कारखान्यातून परतणाऱ्या बापाची पावले सरळ पडतात की नाही, हे दारातून न्याहाळणारी मुले या धर्मग्रामात मी पाहिली आहेत. मिष्टान्न घरात आले की आधी धाकट्याच्या वाटीत पडते. जे त्याच्या वाटीत वाढता येत नाही, त्याला मिष्टान्न म्हणण्यास माझी जीभ वळत नाही.